बारा अठराची संमती

१

मंगळवारी दुपारी पाऊण वाजून गेल्यावर सिस्टरने आपल्याजवळच्या किल्लीने भावाच्या घराचं दार उघडलं, आणि उंबऱ्यातच तिचे पाय थबकले.

घर शांत होतं. तसं ते नेहमीच शांत असायचं, पण माळ्यावरच्या खोलीतून एक खालच्या पट्टीतली घरघर सतत ऐकू यायची. भावाचं ते मोठं कामाचं कॉम्प्युटर यंत्र सकाळी आठला सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत घरघरत राहायचं. आज ती घरघर नव्हती.

"अरे, आहेस का?" तिने हाक मारली.

तो होता. माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याच्या पायथ्याशी पालथा पडला होता. एक हात पोटाखाली, दुसरा दाराच्या दिशेने लांबवलेला. शर्टाची उजवी बाही खांद्याच्या शिवणीत उसवली होती.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. इस्पितळात तीस वर्षं वॉर्ड सांभाळल्यावर अख्खी गल्ली तिला याच नावाने हाक मारू लागली. सख्खा भाऊ तेवढा "ताई" म्हणायचा, आणि त्याला सगळं जग "मास्तर" म्हणायचं, कारण दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक दिसली की त्याला राहवत नसे. लग्न त्याने केलं नाही. जेवणाचा डबा रोज दुपारी बहीणच घेऊन यायची.

तिने आरडाओरडा केला नाही. डबा जमिनीवर ठेवला, गुडघे टेकले, मानेची नाडी पाहिली. मग सवयीने हनुवटी धरून तोंड उघडायला गेली. तोंड उघडेना. जबडा ताठ झाला होता.

तिचा हात तिथेच थांबला. हाताचं बोट अजून वाकत होतं. जबडा मात्र आवळलेला. याचा अर्थ तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"दोन-तीन तास झालेत याला जाऊन," ती स्वतःशीच म्हणाली.

अर्ध्या तासात इन्स्पेक्टर आला. जाड मिशांचा, हळू बोलणारा माणूस. त्याच्या आईचं शेवटचं आजारपण सिस्टरच्याच वॉर्डात निघालं होतं, म्हणून तो तिच्यासमोर खुर्चीत बसेना. त्याने जिना पाहिला, उसवलेली बाही पाहिली, माळ्यावर जाऊन बंद पडलेलं यंत्र पाहिलं, आणि भावाच्या ऑफिसला फोन लावला. बोलणं संपल्यावर त्याने वेळा वहीत टिपून घेतल्या.

"सिस्टर, तुम्ही म्हणता दोन-तीन तास. म्हणजे दहा-साडेदहाच्या सुमाराला."

"हो."

"पण मास्तर त्यानंतरही काम करत होते. ऑफिसमध्ये सगळी नोंद आहे. अकरा दहाला, अकरा बावीसला, बाराला. बारा वाजून अठरा मिनिटांनी त्यांनी शेवटचा निरोप पाठवला. त्यांचं नाव, त्यांची सांकेतिक किल्ली, सगळं जागच्या जागी."

सिस्टरने भावाच्या अंगावर ओढलेली चादर नीट केली.

"बारा अठराला माझ्या भावाने काही पाठवलं नाही," ती म्हणाली. "तो तेव्हा मेलेला होता."

२

ऑफिसातून सगळ्यात आधी धावत आली ती चिमणी. ठेंगणीशी, भरभर बोलणारी, पंचविशीची पोरगी. याच गल्लीच्या टोकाला भाड्याने राहायची. मास्तरला काका म्हणायची, म्हणून सिस्टर तिची आत्या झाली होती. तिला या नोकरीत चिकटवलं ते मास्तरनेच.

ती दारातच रडायला लागली. मग डोळे पुसून सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. वाफाळता चहा तिने स्वतःच आधी घटाघट प्यायला, आणि कप विसळत म्हणाली, "आत्या, तुम्हीही दोन घोट घ्या. तुमच्या पोटात सकाळपासून काही नसेल."

"तुझा दात गं?" सिस्टरने विचारलं. चिमणीला आज सकाळी दाढ काढायची होती, हे भावानेच काल सांगितलं होतं.

"काढली ना. दहाला. म्हणून तर ऑफिसला पावणेअकराला पोहोचले."

इन्स्पेक्टरने तिलाच हे काम नक्की काय आहे ते विचारलं, आणि तिने सांगितलं. वर डोंगरात तीस किलोमीटरवर धरण आहे. त्याच्या दारांच्या मोटारी, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, धोक्याचा भोंगा, हे सगळं तिथल्या एका सर्व्हरला जोडलेलं. प्रोग्राम चालतो तो तिथे. लिहिणारे मात्र इथे, गावात, आपापल्या टेबलापाशी.

"म्हणजे इथे बसून तिथलं दार उघडता येतं?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"येतं. फक्त दोन सह्या लागतात. लिहिणाऱ्याची संमती आणि चाचणी करणाऱ्याची. काका लिहायचे, मी चाचणी करायची."

"चाचणी म्हणजे?"

"मी दिवसभर माणसाचं सोंग घेते, साहेब." ती ओल्या डोळ्यांनी हसली. "म्हणजे माझा एक प्रोग्राम आहे, तो माणसासारखी बटणं दाबतो. मध्येच थांबतो, चुकतो, खोडतो, पुन्हा लिहितो. त्याला कामाला लावायचं आणि बघायचं, समोरचं काही कोलमडतंय का."

"आणि बारा अठराचा निरोप कसला होता?"

"संमतीचा! आम्ही सगळे जेवणाच्या टेबलावर होतो. मीच वाचून दाखवला सगळ्यांना. 'गेट दोन आणि भोंगा, तपासलं, माझी संमती आहे.' परवा, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, दोन नंबरचं दार पहिल्यांदाच नव्या प्रोग्रामवर उघडायचंय." तिचा आवाज पुन्हा भरून आला. "काकांचं शेवटचं काम, आत्या. ते तरी नीट पार पडू दे."

धरणाखाली नदी रुंद होते. पात्रात गुडघाभर पाणी, मधे खडकांची रांग. पलीकडच्या वस्तीतली माणसं त्या खडकांवरून रोज येजा करत, बायका कपडे धूत, पोरं डुंबत, खालच्या डोहात एक नावाडी होडी चालवी. भोंगा वाजला की दहा मिनिटांत पात्राबाहेर व्हायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

सिस्टरने चहाचा कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

३

बुधवारी सकाळी इन्स्पेक्टरने ऑफिसच्या साहेबाला चौकशीला बसवलं. त्याला कारणही तसंच होतं.

साहेब मंगळवारी भल्या सकाळी धरणावर गेला होता. साडेअकराला तिथून एकटाच गाडी घेऊन निघाला आणि गावात पोहोचला एक वाजता. रस्ता पाऊण तासाचा. उरलेल्या वेळाचा हिशेब काय, तर टायर पंक्चर झालं आणि आडरस्त्यावर कोणी भेटलं नाही. मास्तर आठवडाभर संमती द्यायला का कू करतोय म्हणून त्याने भर ऑफिसात आरडाओरडा केलेला दहा जणांनी ऐकला होता.

"बारा अठराला मास्तर जिवंत," इन्स्पेक्टर सिस्टरला म्हणाला. "बारा पन्नासला तुम्ही पोहोचलात. मधल्या अर्ध्या तासात त्याची गाडी याच बाजूला होती. चाचणीवाली मुलगी पावणेअकरापासून ऑफिसातून हललेली नाही, वीस साक्षीदार आहेत. धरणावरचा सर्व्हर सांभाळणारा दिवसभर धरणावरच होता, फाटकाच्या वहीत त्याची आल्यागेल्याची सही आहे. राहिला कोण?"

"संमती मिळाल्यावर साहेब त्याला कशाला मारेल?"

इन्स्पेक्टरने मिशीवरून बोट फिरवलं.

"आणि जबडा?"

"सिस्टर, डॉक्टर म्हणतात, त्यावरून मिनिटाचा हिशेब लागत नाही. गरमीत लवकरही होतं. कोर्टात मी यंत्राची नोंद दाखवीन की तुमचं बोट?"

ती घरी परतली. दुपारी सांत्वनाला एक उंच, वाकलेला माणूस आला. भर उन्हात अंगात लोकरीचा स्वेटर. धरणावरच्या सर्व्हरच्या थंड खोलीत आयुष्य गेल्यामुळे त्याला बाहेरही उबारा वाटत नसे, आणि म्हणून त्याचं नावच स्वेटर पडलं होतं. सर्व्हरवाला आणि स्वेटरवाला या शब्दांवर मास्तरने त्याची किती थट्टा केली होती, ते सांगताना तो हसला.

"तुम्ही ती नोंद पाहिलीत?" सिस्टरने विचारलं.

"पाहिली. तीच बोलायला आलोय." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "मास्तर आठ वर्षं माझ्या सर्व्हरवर लिहितायत. त्यांचा हात मला ओळखू येतो. लिहितील तेव्हा सलग पन्नास ओळी, नाहीतर तासभर चिडीचूप. काल दहानंतर काय झालंय बघा. इथला शब्द तिथे, तिथली रिकामी जागा इथे. दोन तास नुसतं फुटकळ खुडबुड. कामाचं एक अक्षर नाही."

"मग ते कोणी केलं?"

"नोंदीत नाव येतं, सिस्टर. तोंड येत नाही."

सिस्टरने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा माणूस सगळ्या किल्ल्यांचा राखणदार. सर्व्हरवर कुणाच्याही नावाने काहीही करायचं तर याच्याइतकं सोपं कुणालाच नाही. आणि तोच तिला येऊन हे सांगत होता.

"मागच्या आठवड्यात भोंग्याची चाचणी झाली, भाऊ म्हणाला होता," ती म्हणाली. "तुम्ही तिथेच होतात. कसा वाजला?"

"मी आतल्या खोलीत. पंख्यांच्या घोंघाटात तोफ उडाली तरी कळायचं नाही. चिमणीने इथून हुकूम सोडला, सर्व्हरने 'वाजवला' असं उत्तर दिलं. कागदावर तसंच आहे."

"म्हणजे कानांनी कोणी ऐकला नाही?"

स्वेटरच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

४

तो गेल्यावर सिस्टर शेजारच्या इमारतीत आपल्या खोलीवर आली. कालपासून ती तिथे धड टेकलीच नव्हती. आत पाऊल टाकताच कुबट वास आला. कपडे धुण्याच्या यंत्रात कालचे कपडे तसेच पडले होते, ओले, आंबलेले.

ती वैतागून ते बाहेर काढायला वाकली आणि तशीच राहिली.

काल अकरा वाजून पाच मिनिटांनी हे यंत्र मध्येच थांबलं होतं. वीज गेली होती. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं तर समोरचा न्हावी खुर्चीतलं अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक घेऊन पंख्याविना बाहेर उभा. वीज आली ती अकरा चाळीसला. तेव्हा ती भावासाठी पोळ्या लाटत होती, यंत्र पुन्हा सुरू करायचं राहून गेलं.

तिने ओले हात पदराला पुसले आणि इन्स्पेक्टरला फोन केला.

"नोंदी परत वाचा. वेळा सांगा मला."

"अकरा दहा. अकरा बावीस. अकरा एकतीस..."

"त्या वेळी या गल्लीत वीज नव्हती. विजेच्या कचेरीत विचारा. न्हाव्याला विचारा. माझ्या भावाचं यंत्र टेबलाखालचं मोठं खोकं आहे, त्याला बॅटरी नाही. वीज गेली की ते मरतं, आणि हाताने सुरू केल्याशिवाय उठत नाही. मी आले तेव्हा ते बंद होतं. त्याने बंद केलं नव्हतं. अकरा पाचला बंद पडलं, आणि त्याला परत सुरू करायला वर कोणी नव्हतंच."

पलीकडे कागद सरसरले.

"मग मेलेल्या माणसाच्या नावाने," इन्स्पेक्टर अखेर म्हणाला, "बंद पडलेल्या यंत्रावरून, लिहीत कोण होतं?"

५

त्या संध्याकाळी साहेबाला सोडून द्यावं लागलं. तो तणतणतच बाहेर पडला आणि थेट धरणावर निघून गेला. जाताजाता इन्स्पेक्टरला सुनावून गेला की दोन्ही संमत्या कागदावर आहेत आणि उद्या अकराला दार उघडणार म्हणजे उघडणार; भोंगा कानांनी कोणी ऐकलेला नाही, ही स्वेटरची शंकाही त्याने उडवून लावली.

गुरुवारी सकाळी साडेआठला इन्स्पेक्टर स्वेटरला घेऊन मास्तरच्या माळ्यावर आला. सिस्टर आधीच तिथे होती. स्वेटरने यंत्र सुरू केलं. ती ओळखीची घरघर घरात पसरली, तशी सिस्टरने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"मास्तरांची एक सवय होती," स्वेटर म्हणाला. "बाकीचे थेट धरणावरच्या सर्व्हरवर लिहितात. हे तसं करत नसत. आधी इथे, घरच्या प्रतीत लिहायचं, मग ती तिकडे पाठवायची. त्यामुळे तिथे जे जे आहे, ते आधी इथे असायलाच हवं." त्याने दोन्ही प्रती शेजारी शेजारी मांडल्या आणि बोट सरकवत गेला. "ही घरची. शेवटचं लिखाण मंगळवार, नऊ बावन्न. आणि ही धरणावरची. नऊ बावन्ननंतर सतरा फेरफार. त्यातला एकही इथे नाही."

"नऊ बावन्नला तो जिवंत होता," सिस्टर म्हणाली. "माझं बोट खोटं बोललं नाही."

इन्स्पेक्टरने मान खाली घातली. "नाही बोललं, सिस्टर."

"त्या सतरा फेरफारांसाठी इथे बसून राहायची गरजच नव्हती," स्वेटर पुढे म्हणाला. "चालू असलेल्या यंत्रावरून मास्तरांच्या नावाने तिकडे एक प्रोग्राम सोडून द्यायचा. पुढे तो धरणावर आपला आपण चालत राहतो. इथली वीज जावो, माणूस निघून जावो, त्याला पत्ता नाही. फक्त असा प्रोग्राम हवा, जो माणसासारखा..."

त्याचं बोट पडद्यावरच थांबलं.

सिस्टर पडद्याकडे बघत होती. घरच्या प्रतीच्या अगदी तळाशी भावाने स्वतःसाठी एक टिपण लिहिलं होतं. नऊ बावन्नचं. धरणावर कधीच न पोहोचलेलं.

*नावाड्याला फोन केला. चाचणीच्या दिवशी तो दिवसभर पात्रात होता. भोंगा वाजलाच नाही. मग चाचणीच्या कागदावर 'वाजला' कसं? पोरीला विचारायचं. ती येतेच आहे.*

इन्स्पेक्टरने ते टिपण वहीत उतरवून घेतलं.

"साहेब सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत धरणावर होता," सिस्टर सावकाश म्हणाली. "दहाला तो इथे असूच शकत नाही. यांचीही फाटकावर सही आहे. बारा अठरा ही वेळ धरली तर ती पोर सगळ्यात निर्दोष. दहाची वेळ धरली, तर तिच्याकडे एका दातापलीकडे काही नाही."

"दंतवैद्याकडे चौकशी करतो," इन्स्पेक्टर म्हणाला.

"करा. पण दाढ काढून चार तास झालेलं माणूस वाफाळता चहा घटाघट पीत नाही. रक्त थांबत नाही, आणि डॉक्टर दहादा बजावतो, गरम काही घेऊ नका. माझ्यासमोर प्यायली ती. मी तीस वर्षांची नर्स, आणि माझं लक्ष स्वतःच्या दुःखात होतं."

खाली दार वाजलं.

"आत्या?" चिमणीचा आवाज आला. "वर आहात का? काकांचे कपडे आवरायला आले होते."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

सिस्टर एकटीच खाली उतरली. बाकी दोघं माळ्यावरच थांबले, इन्स्पेक्टर पुन्हा पुन्हा साहेबाचा फोन लावत.

चिमणीने कपाटातले शर्ट काढून पलंगावर ठेवले होते आणि एकेकाची घडी घालत होती. सिस्टरने समोर बसून दुसरा शर्ट उचलला. थोडा वेळ दोघी नुसत्या घड्या घालत राहिल्या.

"पोरी, जरा आ कर बघू."

"अं?"

"दाढ काढलेली जागा बघते. सुजत नाही ना ते पाहायला नको?"

चिमणीचे हात थांबले. तिने तोंड उघडलं नाही. ती शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिली.

"नावाड्याशी बोलला होता तो," सिस्टर म्हणाली. "लिहून ठेवलंय त्याने. तू येणार होतीस तेही."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग चिमणी बोलायला लागली, एरवीसारखी भरभर नव्हे, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी.

"सर्व्हरने 'वाजवला' म्हटलं. मी तेच लिहिलं. तिथे कोणाला विचारायला हवं होतं, नाही विचारलं. याआधीही एकदा असंच झालं होतं, तेव्हा काकांनी मला सांभाळून घेतलं. या वेळी म्हणाले, नाही. पाण्यात माणसं असतात, म्हणाले. आत्ता, तुझ्यासमोर कळवतो सगळ्यांना. मी म्हटलं, एक दिवस द्या, मी दुरुस्त करते. ते फोन खाली राहिला म्हणून उतरायला निघाले. मी त्यांची बाही धरली, आत्या. ढकललं नाही. थांबवायला धरली. त्यांनी हिसडा दिला आणि..."

"आणि?"

"वरचं यंत्र चालूच होतं. त्यांच्या नावाने उघडलेलं."

सिस्टरने हातातली घडी पलंगावर ठेवली.

"मेल्यावर त्याच्याकडून काम करून घेतलंस ते तुझ्या बचावासाठी, समजलं. पण संमती? ती कशाला लिहिलीस?"

"संमती आली की कोणी चाचणीचा कागद पुन्हा उघडणार नव्हतं." ती सिस्टरकडे न बघता म्हणाली. "भोंगा कदाचित वाजेलही. कदाचित पात्रात कोणी नसेलही."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. इन्स्पेक्टर फोन कानाला लावूनच उतरला. साहेबाचा फोन लागत नव्हता. धरणाच्या कचेरीतला फोन कोणीतरी बाजूला काढून ठेवला होता. स्वेटर वरून ओरडला, "मी इथून थांबवू शकत नाही! दोन सह्यांचा हुकूम आहे, तो फक्त साहेबाच्या हाताने रद्द होतो!"

दहा एकतीस.

"फाटकावर पहारेकरी असतो ना?" सिस्टर म्हणाली. "त्या वहीच्या टेबलावर फोन असेल."

होता. पहारेकऱ्याला आधी काही समजेना. इन्स्पेक्टरने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. मग फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि धावत जाणारी पावलं, आणि नंतर नुसती घोंघावणारी पोकळी. सगळे त्या पोकळीला कान लावून बसले. चिमणीही. सिस्टरच्या डोळ्यांसमोर खडकांवर पसरलेले कपडे येत होते.

दहा त्रेपन्नला साहेबाचा धापा टाकणारा आवाज आला. "थांबवलं. काय झालंय? मास्तरांची संमती होती की!"

"मास्तरांची नव्हती," इन्स्पेक्टर म्हणाला.

नावाड्याने नंतर सांगितलं, त्या वेळी पात्रात अकरा माणसं होती. भोंगा वाजला नव्हता. त्याची वायर वर्षभरापूर्वी खांबापाशी तुटली होती, आणि सर्व्हर इमानेइतबारे एका मुक्या खांबाला हुकूम सोडत होता.

७

डॉक्टरांचा अहवाल सोमवारी आला. इन्स्पेक्टरने तो सिस्टरच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. तिने दोनदा वाचला. कवटीला चीर. मेंदूभोवती रक्त साकळलेलं, आणि एवढं साकळायला पाऊण तास तरी लागतो. नखांत फरशीच्या फटीतली माती. दाराच्या दिशेने तो हातभर सरकला होता.

निघताना चौकीच्या बोळात चिमणी भेटली. दोन महिला शिपाई तिला घेऊन कोर्टात निघाल्या होत्या. ती चार दिवसांत आणखीच लहान दिसायला लागली होती. सिस्टरला पाहून ती थांबली, आणि शिपायांनीही तिला थांबू दिलं.

"आत्या, एकच सांगा." तिचे डोळे कोरडे होते. "मी खाली उतरून त्यांच्याकडे पाहिलंच नाही. हिंमत झाली नाही. वरूनच सगळं केलं, आणि भिंतीला चिकटून बाहेर पडले. ते लगेच गेले ना? त्यांना काही कळलं नसेल ना?"

तीस वर्षं सिस्टरला हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारला होता. बायकोने, मुलाने, आईने, वॉर्डाबाहेरच्या बाकावरून उठून. आणि तीस वर्षं तिने प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून तेच उत्तर दिलं होतं. त्रास झाला नाही, झोपेतच गेले. ते खरं आहे की नाही, याचा तिने कधी विचार केला नव्हता. ते सांगायचं असतं म्हणून ती सांगायची.

तिने चिमणीच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

"पाऊण तास," सिस्टर म्हणाली. "तू निघालीस तेव्हा तो जिवंत होता. तू ऑफिसला पोहोचलीस, तेव्हाही."

शिपायांनी चिमणीला दोन्ही बाजूंनी धरलं आणि पुढे नेलं. सिस्टर बोळात उभी राहिली, त्या पावलांचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत.